तरण्या कोंबड्याचे वागणे शिकवणारा वर्ग : चार धडे उत्तम, पाचवा सदोष

परसात वाढणाऱ्या तरण्या कोंबड्यांचे वागणे ओळखायला शिकवणारा पाच धड्यांचा एक ऑनलाइन वर्ग मी नुकताच पूर्ण केला. घरी उबवलेल्या सात पिल्लांपैकी तीन नर निघाले आणि त्यांतल्या एकाने, पाण्याची बादली घेऊन खुराड्यात शिरताना, माझ्या पोटरीवर झेप घेतली. नाव नोंदवायला एवढे निमित्त पुरले.

नर ओळखण्याच्या खुणा, म्हणजे लवकर लाल होणारा तुरा आणि मानेवरची व शेपटीच्या मुळाशी येणारी टोकदार, चकचकीत पिसे, पहिल्या धड्यात झटपट उरकल्या आहेत. घसा बसल्यासारखे अर्धवट आरवणे एकदा सुरू झाले की खुणा शोधाव्या लागतच नाहीत.

वर्गाचे खरे मोल पुढच्या दोन धड्यांत आहे. एक पंख जमिनीकडे पाडून कोंबडा तिरप्या पावलांनी घिरट्या घालू लागला, तेव्हा त्याचा पंख दुखावला असावा असे समजून मी त्याला उचलून तपासले होते. कोंबडीभोवती तो नाच अनुनयाचा असतो आणि माणसाच्या पायांभोवती बहुधा आव्हानाचा, हे संथ गतीने दाखवलेल्या चित्रफितीत प्रथमच स्पष्ट झाले. जाणता कोंबडा दाणा चोचीत उचलतो, खाली टाकतो आणि भरभर टुकटुक करून कोंबड्यांना बोलावतो. तरणा मात्र पुष्कळदा हे सोपस्कार टाळून थेट पाठलाग करतो, म्हणून तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या तरण्या माद्यांना, आडोसा हवा, हा सल्लाही मोलाचा आहे.

चौथ्या धड्यात आरवण्याच्या क्रमावरचे 2015 मधील जपानी संशोधन सांगितले आहे : पहिली बांग वरचढ कोंबड्याची, बाकीचे त्याच्यामागून उतरत्या क्रमाने. आमच्याकडच्या वरचढ कोंबड्याला दूर ठेवताच दुसऱ्याने पहाटेची सुरुवात आपल्याकडे घेतली, तेव्हा त्याचा अर्थ लागला.

पाचवा धडा मात्र मला मुळीच पटला नाही. अंगावर येणाऱ्या कोंबड्याला जमिनीवर दाबून धरावे, म्हणजे तो माणसाला वचकतो, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. मी तसे दोनदा केले. परिणामी तो मला पाहताच मानेची पिसे फुलवू लागला आणि एरवी हातातून दाणे टिपणाऱ्या कोंबड्याही बिचकल्या. त्याउलट घाई न करता वावरणे, त्याच्यासमोर कोंबड्यांना न पकडणे आणि तो रोखून पाहू लागला की मागे न सरता स्तब्ध उभे राहणे, यांनी महिनाभरात फरक पडला.

त्याहून मोठी उणीव अशी की, साधारण आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर हे प्रमाण शेवटच्या दोन मिनिटांत ओझरते येते. चार तलंगांमागे तीन नर असतील तर वागणे समजून काय उपयोग? ही शंका मी लेखी विचारली. उत्तरादाखल पाचव्या धड्याचाच दुवा आला. अखेर दोन नर मी दुसऱ्या खुराड्यात, कोंबड्या दिसणार नाहीत असे, एकत्र ठेवले. ते तिथे फारसे भांडत नाहीत, आणि नरांच्या सततच्या चढण्याने उघड्या पडलेल्या तलंगांच्या पाठींवर पिसांचे कोंब दिसू लागले आहेत.