परदेशी लिलावातून घेतलेल्या जुन्या लेन्स आणि क्रेडिट कार्डावरचा रिफंड, बऱ्याच महिन्यांचा अनुभव

मालवणात बसून जुन्या मॅन्युअल लेन्स कुठे मिळणार, म्हणून गेल्या दिवाळीपासून ऑनलाईन लिलावातून घेतोय. बहुतेक ईबेवरून, अधूनमधून दुसऱ्या एका छोट्या परदेशी साईटवरून. जत्रांचा सीझन लागला की दशावतार रात्र रात्र चालतो, तिथे फ्लॅश मारणं मला अजिबात पटत नाही, थेट नटाच्या डोळ्यावर जातो, त्यामुळे कमी उजेडात चालणारी लेन्स, म्हणजे ५० एमएम एफ १.४ ची सुपर ताकुमार किंवा तसलीच काहीतरी लागते. पेमेंट दरवेळी क्रेडिट कार्डाने. लेन्स कशा आहेत ते वेगळं कधीतरी, इथे फक्त पैसे परत कसे मिळतात ते सांगतो, कारण भेटेल तो हेच विचारतो, 'फसलो तर काय रे?'

तर एका लेन्सच्या वर्णनात 'काच स्वच्छ' लिहिलेलं आणि आली तेव्हा आतल्या काचेवर फंगसचं, म्हणजे बुरशीचं, कोळ्यासारखं जाळं. (पिवळेपणा वेगळा हां, बऱ्याच ताकुमारच्या काचेत थोरियम हा किरणोत्सारी धातू असतो त्याने ती पिवळी पडते, आणि आपल्याकडच्या उन्हात ठेवली की बराचसा जातो. फंगस जात नाही, कोटिंग खाते.) रिटर्नची रिक्वेस्ट टाकल्यावर विक्रेत्याचं उत्तर काय, तर तुमच्याकडे दमट हवा आहे, फंगस तिकडेच धरली. आता कोकणातल्या माणसाला दमट हवा शिकवायची म्हणजे कमाल झाली! पण पार्सल उघडताना मी सलग व्हिडिओ काढतो, आधी लेबल आणि शिक्के, मग पॅकिंग, मग काचेच्या मागून टॉर्च मारून, मध्ये कुठेही कट नाही. डिलिव्हरीच्या दिवशीचाच व्हिडिओ होता आणि एवढं जाळं धरायला आठवडे लागतात, एका दुपारीत होत नाही. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत डिलिव्हरीपासून ३० दिवसांत तक्रार करावी लागते, विक्रेत्याला ३ कामकाजाचे दिवस मिळतात, त्यात सुटलं नाही तर ईबेला मध्ये बोलवायचं. 'नो रिटर्न' लिहिलेलं असलं तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ते चालत नाही आणि परत पाठवायचा खर्चही विक्रेत्यावर. हे काम व्यवस्थित झालं, पैसे कार्डावर परत आले. सगळं बोलणं साईटच्या मेसेजमध्येच केलं होतं, व्हॉट्सअ‍ॅपवर या म्हणणाऱ्या विक्रेत्याला मी उत्तरच देत नाही.

खरा कस लागला दुसऱ्या साईटच्या वेळी. तिथे अशी गॅरंटी नव्हती, पार्सल आलंच नाही आणि विक्रेता गप्प झाला. मग बँक. इथल्या शाखेतल्या मॅडम चांगल्या होत्या पण त्यांच्या हातात काही नाही, कार्डाचा विभाग वेगळा. कस्टमर केअरला फोन लावला तर पहिला प्रश्न, 'कार्ड ब्लॉक करू का?' म्हणजे ते फ्रॉडच्या खात्यात टाकायला निघालेले. हा फरक नीट समजून घ्या. व्यवहार आपण केला, ओटीपी आपण टाकला, माल आला नाही, हा फ्रॉड नव्हे, हा मर्चंट डिस्प्यूट, म्हणजे विक्रेत्याशी वाद. आरबीआयचं २०१७ चं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही हे परिपत्रक आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे, इथे ते लागत नाही. इथे लागतं ते चार्जबॅक, म्हणजे बँकेने विक्रेत्याकडून पैसे परत मागणं, आणि त्याचे नियम व्हिसा-मास्टरकार्डचे. व्हिसात माल न मिळाल्याचा कोड १३.१, वर्णनाप्रमाणे नसल्याचा १३.३. फॉर्मवर कारण चुकीचं निवडलं तर केस कमकुवत होते म्हणून हे सांगतोय. मुदत साधारण १२० दिवस धरतात, पण बँक त्याहून कमी सांगू शकते, तेव्हा थांबू नये. आणि ईबेची केस चालू असताना बँकेत चार्जबॅक टाकू नका, दोन्ही एकदम चालत नाही, ईबे आपली केस बंद करतं. आधी साईट, तिथे काही झालं नाही तरच बँक.

मी लिलाव जिंकल्याचा ईमेल, पेमेंटची पावती, विक्रेत्याला टाकलेले मेसेज, आणि ट्रॅकिंग जिथे अडकलं तिथला स्क्रीनशॉट एकाच पीडीएफमध्ये तारखेनुसार लावून पाठवलं. तरी बरेच दिवस 'वर्क इन प्रोग्रेस' एवढंच. ३० दिवसांत बँकेने निकाल लावला नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे सीएमएस या त्यांच्या तक्रारींच्या पोर्टलवर फुकट तक्रार करता येते, हेल्पलाईन १४४४८. हे ईमेलमध्ये सभ्य शब्दांत लिहिल्यावर हालचाल झाली. आधी तात्पुरतं क्रेडिट आलं. हे पैसे लगेच आपले धरू नका, समोरच्याने डिलिव्हरीचा पुरावा दिला तर ते उलटतं. इथे त्याच्याकडे पुरावा नव्हता, क्रेडिट कायम झालं. मधल्या काळात बिल मी पूर्ण भरत राहिलो, कारण भांडण चालू म्हणून बिल थकवलं तर व्याज आणि सिबिल दोन्ही आपल्याच गळ्यात.

आता हिशोब. रिफंड परकीय चलनात होतो आणि रुपयात बदलताना त्या दिवसाचा दर लागतो, त्यामुळे गेले तेवढेच रुपये येतील असं नाही. माझ्या कार्डावर फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या व्यवहारावर बँक लावते ते शुल्क) ३.५ टक्के, वर त्याच्यावर १८ टक्के जीएसटी, ते मला परत मिळालं नाही. नवीन कार्ड असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार ॲपमधून आधी चालू करावे लागतात, बोलीच्या शेवटच्या मिनिटाला ते शोधत बसू नका. फंगसवाल्या लेन्सवर पोस्टमनकडे भरलेली कस्टम ड्युटीही विक्रेत्याच्या रिफंडमध्ये आली नाही, ती सरकारकडे गेलेली असते. त्यामुळे आता बोली लावताना ड्युटी आणि मार्कअप दोन्ही धरूनच वरचा आकडा ठरवतो आणि त्याच्या पुढे एक डॉलरही जात नाही.