खिडकीवालं जुनं घड्याळ घेताना माझे साडेअठरा हजार गेले, नागपूरवाल्यांनो सांभाळा

जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद असेल तर हे पूर्ण वाचा, माझे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहून राहिलो.

मला खूप वर्षांपासून खिडकीवालं पॉकेट वॉच पाहिजे होतं. त्यात तास-मिनिटाचे काटेच नसतात, डायलला दोन खिडक्या, वर तास खाली मिनिटं, सरळ आकडे दिसतात आणि सगळं स्प्रिंगवर, सेलबिल काही नाही. ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गच्या पालवेबर नावाच्या इंजिनिअरने 1883 मध्ये याचं पेटंट घेतलं आणि आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीने ती बनवली, किती सुंदर डोकं चालवलंय त्या माणसाने!

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. सीताबर्डीला व्हरायटी चौकाजवळच्या चहाच्या हॉटेलात भेटू म्हणाला, बरोबर चारलाच या हे त्याने दोनदा सांगितलं, तेव्हा मला काही खटकलं नाही. मखमली डबीत जड घड्याळ, खिडकीत 4 आणि 02, कानाला लावलं तर टिकटिक मस्त. मागचं झाकण उघडा म्हटलं तर म्हणे "भाऊ, सव्वाशे वर्षांचा माल आहे, आत धूळ गेली का कामातून गेलं". दहा मिनिटांत डबी बंद, पाच हजार यूपीआयने, बाकी कॅश, पावती नाही.

रात्री साडेनऊला डबी उघडली तर तासाच्या खिडकीत उजव्या कडेला 9 अर्धा कापलेला आणि डावीकडून 10 चा शून्य आत येऊन राहिलेला. तिथेच पोटात गोळा आला, कारण खऱ्या पालवेबर घड्याळात आकडा ठाम उभा राहतो आणि वेळ झाली की टचकन बदलतो. आत आकड्यांच्या फिरत्या चकत्या असतात, त्यात मिनिटांच्याच दोन, एक दहाची एक एकाची, 59 चे 00 होताना तासाची धरून तिन्ही एकदम फिरतात, त्या झटक्यात स्प्रिंगचा जोर फार जातो आणि म्हणूनच ही घड्याळं जास्त वर्षं टिकली नाहीत, 1890 च्या आसपास बंदच झाली.

त्याला फोन केला तर म्हणे जुन्यात आकडे सरकतातच. हे अर्धं खरं आहे म्हणून फसू नका, कार्तिए या फ्रेंच कंपनीच्या 1928 च्या खिडकीवाल्या 'टँक' घड्याळामध्ये मिनिटं सरकतात पण तास तिथेही उडीच मारतो. माझ्यात दोन्ही सरकत होते, बरोबर चारच्या सुमारास तासाचा आकडा खिडकीच्या मधोमध असतो म्हणून तेव्हा दिसलं नाही. त्यानंतर त्याचा फोन बंद.

इतवारीतल्या आमच्या घड्याळवाल्या काकांनी सुरीने झाकण उघडलं, आत एचएमटीची मनगटी घड्याळाची मशीन, मोठ्या केसमध्ये हलू नये म्हणून भोवती प्लास्टिकची रिंग, मशीनच्या पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या पट्टीवर, 'इंडिया' चक्क वाचता येत होतं! एचएमटीची घड्याळंच 1961 पासूनची. काट्यांच्या जागी छापील कागद चिकटवलेल्या दोन पातळ चकत्या, आणि डायल मीनाकारीची म्हणून सांगितली होती तिचा रंग काकांच्या नखाने निघाला. काका बराच वेळ काही बोललेच नाहीत.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर फोन करून यूपीआयच्या पाच हजारांची कंप्लेंट दिली आहे, कॅशचा काही पुरावा नाही. चकत्या कागदात बांधून ठेवल्या आहेत. तो माणूस अजून विकत असेल, तुम्हाला कोणी बरोबर चारला बोलावलं तर जा, पण झाकण उघडल्याशिवाय पैसे काढू नका आणि साडेचार होईपर्यंत घड्याळ हातातून सोडू नका, तासाची खिडकी पाहत बसा.