गुगल स्कॉलरचे प्रोफाइल भूवैज्ञानिकाच्या कितपत उपयोगाचे? नागपूरहून एक परीक्षण

भूविज्ञानाशी संबंधित इतक्या संस्था एका गावात एकवटलेल्या आहेत, असे नागपूरसारखे शहर देशात विरळाच सापडेल. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचे मुख्यालय आहे, सिव्हिल लाइन्समध्ये भारतीय खाण ब्यूरो आहे, अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे, आणि मँगनीज काढणारी मॉइल, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, पर्यावरण-संशोधन करणारी नीरी व विद्यापीठाचा पदव्युत्तर भूशास्त्र विभाग हे सारे याच गावात आहेत. या ठिकाणी संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला पदोन्नतीच्या, प्रकल्प-अनुदानाच्या किंवा मार्गदर्शक म्हणून मान्यता मिळवण्याच्या वेळी कधी ना कधी एक प्रश्न विचारला जातो: तुमचा एच-इंडेक्स किती? मी येथील एका महाविद्यालयात अनेक वर्षे भूशास्त्र शिकवते. या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्यापैकी बहुतेक जण सर्वांत आधी जिकडे वळतात, त्या गुगल स्कॉलर या संशोधनपर लेखन शोधून देणाऱ्या सेवेवरील प्रोफाइलचे भूवैज्ञानिकाच्या गरजेच्या दृष्टीने केलेले हे परीक्षण आहे.

गुगल स्कॉलर नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झाले. अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स वेर्स्टाक या दोन अभियंत्यांनी ते उभे केले, आणि त्याच महिन्यात एल्सव्हिअर या प्रकाशनसंस्थेने स्कोपस ही शोधनिबंध व त्यांचे संदर्भ नोंदवणारी सशुल्क सेवाही बाजारात आणली. संशोधकाला स्वतःचे प्रोफाइल तयार करण्याची सोय स्कॉलरवर 2011 मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्यासाठी पैसे लागत नाहीत, संस्थेचा ईमेल पत्ता दिला की प्रोफाइलवर पडताळणीची खूण येते, आणि अर्ध्या तासात आपले शोधनिबंध एका पानावर मांडले जातात. उजव्या बाजूला तीन आकडे दिसतात. पहिला एकूण सायटेशनचा, म्हणजे इतरांनी आपल्या लेखनाचा संदर्भ किती वेळा घेतला याचा. दुसरा एच-इंडेक्स, जो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी 2005 मध्ये सुचवला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा वेळा संदर्भ मिळाला, पण अकरा लेखांना प्रत्येकी अकरा वेळा मिळाला नाही, त्याचा एच-इंडेक्स दहा. तिसरा आय-टेन, म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशन मिळालेल्या लेखांची संख्या. हा गुगलचा स्वतःचा निर्देशांक आहे. सुटसुटीतपणा आणि विनामूल्य उपलब्धता या दोन बाबतींत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील.

तरीही आमच्या विषयासाठी तिचे सर्वांत मोठे मोल या आकड्यांत नाही. लेविस ली फर्मर यांचा भारतातील मँगनीज खनिजसाठ्यांवरील ग्रंथ सर्वेक्षणाच्या 'मेमॉयर्स'चा सदतिसावा खंड म्हणून 1909 मध्ये प्रसिद्ध झाला. हजाराहून अधिक पानांचा हा ग्रंथ मनसर, कांद्री, गुमगाव या परिसरातील खाणींवर काम करणाऱ्याला आजही उघडावा लागतो, आणि गोंडाइट हे खडकाचे नावही फर्मर यांनीच दिलेले आहे. डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी देवलापारच्या परिसरात नाप-संरचना, म्हणजे दूरवरून सरकत येऊन दुसऱ्या खडकांवर पसरलेली खडकांची चादर, असल्याचे मांडले तो निबंध 1936 चा आहे. असे जुने लेखन संगणकीय रूपात कुठेच उपलब्ध नसले, तरी नंतरच्या लेखांच्या संदर्भसूचीत त्याचा उल्लेख झालेला असेल तर गुगल स्कॉलर त्याची स्वतंत्र नोंद करते आणि त्या नोंदीखाली ते उल्लेख एकत्र दाखवते. मी एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात हे करायला लावते: वेस्ट यांचा निबंध शोधा, त्याखालच्या 'सायटेड बाय' या दुव्यावर जा, आणि सौसर गटातील खडकांविषयी (देवलापारचे खडक याच गटातले) त्यानंतर कोणी काय म्हटले, कोणी दुजोरा दिला, कोणी विरोध केला, ते काळाच्या क्रमाने वाचत या. एका दुपारी विद्यार्थ्याच्या हाती जवळजवळ नव्वद वर्षांच्या वादाचा धागा येतो. ग्रंथालयातील कपाटांतून हाच धागा शोधायला मला माझ्या विद्यार्थिदशेत कित्येक आठवडे लागले होते, आणि या एका कारणासाठी मी ही सेवा सोडणार नाही.

मात्र हेच पान माणसाचे मोजमाप करण्यासाठी वापरले, की आमच्या विषयाचे नुकसान सुरू होते. एच-इंडेक्सच्या गणितात फर्मर यांचा संपूर्ण ग्रंथ एक नग म्हणून धरला जातो. त्याला दहा वेळा संदर्भ मिळो की दहा हजार वेळा, त्यातून निर्देशांकात भर पडेल ती जास्तीत जास्त एकाची. अनेक वर्षे पायी फिरून एखाद्या पट्ट्याचा नकाशा आणि त्यावरचा एकच सविस्तर ग्रंथ तयार करणारा भूवैज्ञानिक, आणि तेवढ्याच सामग्रीचे आठ तुकडे करून आठ निबंध छापणारा भूवैज्ञानिक, यांत हा निर्देशांक दुसऱ्याला झुकते माप देतो. हिर्श यांनी हे माप सुचवले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भौतिकशास्त्र होते, जिथे लेखनाचे चलन म्हणजे छोटा निबंध. ग्रंथ आणि नकाशा ही आमची चलने त्या हिशेबात बसत नाहीत.

सायटेशनची संख्या नेमके काय सांगते, याचे एक उदाहरण मी वर्गात नेहमी देते. डोना व्हिटनी आणि बर्नार्ड इव्हान्स यांनी 2010 मध्ये 'अमेरिकन मिनरॉलॉजिस्ट'मध्ये खडक घडवणाऱ्या खनिजांच्या नावांची संक्षिप्त रूपे सुचवणारा एक छोटा लेख लिहिला. क्वार्ट्झसाठी कोणती अक्षरे लिहावीत, गार्नेटसाठी कोणती, एवढाच त्याचा विषय आहे. त्याला हजारो सायटेशन मिळाली आहेत, कारण आकृतीत संक्षेप वापरणारा प्रत्येक शिलाशास्त्रज्ञ खाली त्याचा संदर्भ देतो. तो लेख अत्यंत उपयोगी आहे आणि मीही तो वापरते. पण त्या हजारोंचा अर्थ 'किती जणांनी वापरला' असा आहे. 'ज्ञानात किती भर पडली' हा वेगळा प्रश्न आहे, आणि आमच्याकडच्या निवडसमित्या या दोन प्रश्नांची सर्रास गल्लत करतात.

याच्या उलट बाजूला जीवाश्मतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्याबाबतचा अन्याय मला अधिक बोचतो. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळी आणि आसपासच्या आंतरट्रॅप थरांतून, म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळाच्या थरांतून, गोड्या पाण्यातील शिंपले-गोगलगायींचे जीवाश्म गोळा केले आणि त्यांचे वर्णन 1860 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापले. त्यांनी नाव दिलेली 'नॉर्मॅलिस' ही गोगलगायीची जात आजच्या निबंधांतही येते, आणि तिच्या नावापुढे 'हिस्लॉप, 1860' असे लिहिले जाते. परंतु जातीच्या नावाचा भाग म्हणून लिहिलेला हा उल्लेख अनेकदा संदर्भसूचीत जात नाही, आणि संदर्भसूचीत नसलेले काहीही ही यंत्रे मोजत नाहीत. म्हणजे ज्या माणसाचे नाव दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रत्येक अभ्यासकाच्या लेखणीतून उतरत आहे, त्याच्या खात्यावर त्यातले फारच थोडे जमा होते. वर्गीकरणाचे काम करणाऱ्या आजच्या तरुण संशोधकांची स्थिती हीच आहे. नकाशांचेही तसेच होते: आकृतीखाली 'सर्वेक्षणाच्या नकाशावरून' एवढे लिहिले जाते आणि तो नकाशा करणाऱ्याचे नाव कुठेच येत नाही. विदर्भातील एखाद्या गावाला विहिरीची जागा दाखवून देणाऱ्या भूजल-अहवालाला तर सायटेशन मिळण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. त्या गावाला पाणी मिळते, एवढीच त्याची नोंद.

काळाचा मुद्दाही येथे लक्षात घ्यावा लागतो. आमच्या भागात क्षेत्रकार्य दिवाळीनंतर सुरू होते आणि उन्हाचा तडाखा वाढला की थांबते. गोळा केलेल्या नमुन्यांच्या पातळ चकत्या तयार करणे, सूक्ष्मदर्शकाखाली त्या तपासणे, रासायनिक विश्लेषणासाठी दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत क्रमांक लावणे, मग लेखन आणि परीक्षकांचे शेरे, अशा वाटेने एखादा निबंध छापून येईपर्यंत तीन-चार हिवाळे सहज जातात, आणि त्याच पट्ट्यात काम करणाऱ्या पुढच्या संशोधकाला तो लागेपर्यंत आणखी काही. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर मात्र केवळ मागील दोन वर्षांतील लेखांना मिळालेल्या संदर्भांवर काढला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत एक ते दोन इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकातील निबंधाला 15 गुण आणि दहाच्या वरच्या नियतकालिकातील निबंधाला 30 गुण ठेवले आहेत. एखाद्या प्रदेशाच्या भूरचनेवरील निबंध साधारणपणे पहिल्या प्रकारच्याच नियतकालिकांत येतात. हवामानबदल किंवा सुदूर संवेदन या विषयांतील सहकाऱ्यांना हा हिशेब त्या मानाने अनुकूल जातो. त्यांचे काम कमी दर्जाचे आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु त्यांची आणि आमची वाचकसंख्या वेगळी आहे, आणि 'भूविज्ञान' या एका शब्दाखाली दोघांना एकाच तराजूत घालणे चुकीचे आहे.

या बाबतीत सशुल्क सेवा थोड्या सरस आहेत. स्कोपसमध्ये स्वतःच स्वतःला दिलेले संदर्भ वगळून एच-इंडेक्स पाहता येतो, जे स्कॉलरवर करता येत नाही, आणि त्याच विषयातील, त्याच वर्षातील, त्याच प्रकारच्या लेखांच्या जागतिक सरासरीशी तुलना करून दिलेला आकडाही मिळतो, ज्यात सरासरी म्हणजे एक. यूजीन गारफिल्ड यांच्या 1960 च्या दशकातील सायन्स सायटेशन इंडेक्समधून वाढलेले वेब ऑफ सायन्स नियतकालिकांच्या निवडीत अधिक काटेकोर आहे. त्यामुळे त्यावर आकडे सहसा सर्वांत कमी दिसतात. अमेरिकन जिओसायन्सेस इन्स्टिट्यूटची जिओरेफ ही सूची 1966 पासून केवळ भूविज्ञानासाठी चालते आणि नकाशे व अहवालही नोंदवते, परंतु तिचा हेतू साहित्य शोधून देणे हा आहे. वर्तमानपत्रांत दरवर्षी गाजणारी 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञां'ची यादी स्कोपसच्या सामग्रीवर बेतलेली असते, आणि 22 शाखा व 174 उपशाखा वेगळ्या धरून ती केली जाते, हे तिचे चांगले अंग. तथापि स्कोपसमध्ये जे नाही ते तिच्यातही येत नाही.

नावांचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. देशमुख, मेश्राम, वानखेडे अशी आडनावे आणि पुढे दोन आद्याक्षरे एवढ्यावरच ओळख ठरत असल्याने दुसऱ्याचे लेख आपल्या खात्यावर येऊ शकतात. स्कॉलरवर लेख आपोआप जोडले जाऊ न देता आधी आपली संमती मागण्याची सोय आहे. ती प्रत्येकाने चालू करावी, असे मी आग्रहाने सांगेन. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचे काम दोन नावांत विभागले जाते. माझेही तसेच आहे. त्यासाठी 2012 पासून मिळणारा ऑर्किड हा संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी क्रमांक घेणे आणि स्कॉलरवर जुन्या नावाचे लेख हाताने जोडणे, हे दोन्ही मी केले आणि दोन्ही सोपे होते.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या अर्जात मी माझा स्कॉलरवरील एच-इंडेक्स लिहिला होता: अकरा. छाननी करणाऱ्याने स्कोपस उघडले, तिथे सात दिसले, आणि माझ्या अर्जावर 'माहितीत तफावत' असा शेरा पडला. आकडा कोणत्या सेवेतून घ्यायचा हे अर्जात कुठेही लिहिलेले नव्हते. दोन्ही आकडे खरे होते. स्कॉलरने प्रबंध, परिषदांची इतिवृत्ते आणि अहवाल धरले होते, स्कोपसने ते धरले नव्हते. स्पष्टीकरण देण्यात दोन महिने गेले, आणि समोरच्याने माझा एकही निबंध उघडून पाहिला नव्हता, याचे मला आजही वाईट वाटते. संशोधनाच्या मूल्यमापनासंबंधीच्या 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाचे मूल्य ठरवू नये असे म्हटले आहे, आणि 2015 च्या लायडेन जाहीरनाम्यात आकडे हे तज्ज्ञांच्या निर्णयाला साहाय्यक असावेत असे. आपल्या निवडसमित्यांनी या दोन्ही मजकुरांची प्रत टेबलावर ठेवावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

साहित्य शोधण्याचे साधन म्हणून मी गुगल स्कॉलरला पाचपैकी साडेचार गुण देते, आणि भूवैज्ञानिकाच्या कामाचे माप म्हणून दोन. त्या प्रसंगापासून मी कोणत्याही अर्जात एच-इंडेक्स लिहिताना शेजारी सेवेचे नाव आणि पाहिल्याची तारीख लिहिते, आणि खाली, रकाना नसला तरी, एक वेगळा कागद जोडते: त्यात मी केलेल्या नकाशांचे टोपोशीट क्रमांक असतात, ज्या गावांसाठी भूजल-अहवाल दिले त्यांची नावे असतात, आणि माझ्या तीन निबंधांचा प्रत्येकी पाच ओळींचा सारांश असतो, जेणेकरून समोर बसलेल्या माणसाला हवे असल्यास वाचायला काहीतरी हाताशी असावे.