सहा महिने कार्ने वापरून झालं (गोव्यातल्या पेडण्याहून जॉर्जिया आणि परत)

हा गाडीचा रिव्ह्यू नाही, रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ मोटरसायकलवर लोकांनी आधीच भरपूर लिहून ठेवलंय. हा रिव्ह्यू एका कागदी पुस्तकाचा आहे, कार्ने दे पसाज. सगळे त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात पण सहा महिने वापरल्यावर मी म्हणेन की तो जामीन आहे. तुम्ही त्यांच्या देशात गाडी विकून मोकळे झालात तर ड्युटी कोण भरणार? कार्ने देणारी संस्था भरणार आणि तुमच्याकडून वसूल करणार, म्हणून आधीच बँक गॅरंटी घेतात. रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कुठल्या देशात जाताय त्यावर ठरते. माझी एफडी त्यात अडकली तेव्हा आई म्हणाली, एवढ्यात घराची कौलं बदलून झाली असती रे.

रूट आधी सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत गाडी क्रेटमध्ये न्हावा शेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात (मुरगाव बंदर घराजवळ असून), दुबईतून शारजा, शारजाहून रात्रीच्या फेरीबोटीने इराणचं बंदर अब्बास, मग शिराझ, इस्फहान, तब्रीझ, नुर्दुझला अरस नदीवरचा पूल ओलांडून आर्मेनिया, पुढे जॉर्जिया आणि त्याच वाटेने परत. सरळ रस्त्याने का नाही गेलास असं सगळे विचारतात. वाघा बॉर्डरवरून पाकिस्तानात स्वतःची गाडी घेऊन आपल्या पासपोर्टवर जाता येत नाही, म्यानमारची वाट २०२१ पासून बंदच धरा, आणि चीनमध्ये गाइड घ्यावाच लागतो, ग्रुप असेल तर ठीक, एकट्याला तो खर्च झेपत नाही. आमच्या वाड्यावर पुर्तुगेज पासपोर्टवाले आहेत, त्यांचं गणित वेगळं. माझं भारतीय पासपोर्टवर चाललेलं.

आता मेन गोष्ट. कार्नेच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम्सवाला खालची चिठ्ठी फाडून ठेवतो, बाहेर पडताना मधली, आणि वरचा तुकडा पुस्तकातच राहतो ज्यावर आत आल्याचा आणि बाहेर गेल्याचा असे दोन्ही शिक्के पाहिजेत. म्हणजे एका एन्ट्रीला एक पान. मी पाच पानांचं घेतलं होतं, यूएई दोनदा आणि इराण दोनदा मिळून चार, एक शिल्लक. आर्मेनिया आणि जॉर्जियाला कार्ने लागतच नाही, तिथे बॉर्डरवर तात्पुरत्या आयातीची नोंद करतात, फक्त जॉर्जियात २०१८ पासून बाहेरच्या गाडीला तिथला इन्शुरन्स सक्तीचा आहे, तेवढा घ्या.

ते शिल्लक पान वाया गेलं. कुठल्या नाक्यावर ते सांगत नाही, मला परत जायचंय. बाहेर पडत होतो, दुपारची वेळ, साहेब फोनवर बोलता बोलता पुस्तक उघडतोय, आणि त्याने एन्ट्रीचं पान न उघडता पुढचं कोरं पान उघडलं, धपकन शिक्का मारला आणि खालची चिठ्ठी फाडली. म्हणजे कागदावर मी देशातून बाहेर पडलोच नाही, उलट दुसऱ्यांदा आत आलो! मी काचेवर बोट ठेवून पान मागे, पान मागे असं हातवारे करतोय, त्याला वाटलं मी घाई करतोय, त्याने मला बसायला सांगितलं. तेवढ्यात शिफ्ट बदलली. तीन तास. शेवटी दुसऱ्या एका वयस्क माणसाने ते पान आडव्या रेघा मारून रद्द केलं, बाजूला सही-शिक्का केला आणि बरोबर पानावर एक्झिट मारली. त्यानंतर मी प्रत्येक काउंटरवर पुस्तक माझ्या हाताने योग्य पानावर उघडून, रबर बँड लावून द्यायला लागलो आणि शिक्का पडला की तिथेच फोटो. त्या माणसाला घरी जायची घाई असते, त्याच्या एका चुकीने आपली एफडी अडकते.

बंदर अब्बासला मात्र मजा आली. नवरोझ, म्हणजे त्यांचं नवीन वर्ष, तोंडावर आलेलं, ऑफिसं अर्धी रिकामी, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच दिवस गेला. एकाने टॉर्च घेऊन हँडलखालचा चेसिस नंबर शोधला तर त्यात आमच्या पेडण्याची लाल माती भरलेली, त्याने अंगठ्याने पुसून एकेक आकडा कार्नेवरच्या नंबराशी जुळवला. मग पॅनियर (गाडीच्या बाजूची पेटी) उघडलं, आईने दिलेली सोलां, म्हणजे आमसुलं, निघाली. काळी, चिकट, वास आंबट. तो म्हणतो आलू? मी म्हणतो नो नो, बटाटा नाही. तो परत, आलू? शेवटी एक तोंडात टाकलं आणि हसायला लागला. फारसीत आलू म्हणजे आंबट फळ, आलुबुखार, प्लम हो, हे मला शिराझला पोचल्यावर कळलं. आजीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, माझं लग्न होऊन बांद्याहून आले तेव्हा पत्रादेवीच्या नाक्यावर आल्फांदेगवाल्यांनी (पोर्तुगीज कस्टम्स) ट्रंक उघडून लुगडी मोजली होती, तुझी निदान सोलां खाल्ली.

इराणमध्ये आपलं कार्ड चालत नाही, कॅश डॉलर न्या, आणि दुकानदार तोमानमध्ये बोलतो, नोटेवर रियाल असतो, एक तोमान म्हणजे दहा रियाल, पहिले दोन दिवस डोकं फिरतं. तेव्हा, २०२३ मध्ये, पेट्रोल ३००० तोमान लिटर होतं, म्हणजे आपले पाचेक रुपये, पंपावर रडू आलं आनंदाने. येताना जुलैत बंदर अब्बासची हवा म्हणजे हेल्मेटमध्ये इडली होते, तो महिना टाळा.

चवथीच्या आधी गाडी घरी. भारतात गाडी परत आल्याची कस्टम्सची नोंद कार्नेवर करून घेतली आणि पुस्तक संस्थेला परत दिलं. तिथे रद्द पानाबद्दल लेखी खुलासा मागितला, मोबाईलमधले फोटो तिथेच कामी आले, गॅरंटी सुटायला दोन महिने गेले. पुस्तक मात्र ते ठेवून घेतात, आठवण म्हणून मिळत नाही, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

घेणार असाल तर आधी आरसी काढून बघा. बऱ्याच जणांची गाडी बाबांच्या नावावर असते, मग अधिकारपत्राचा वेगळा व्याप. माझं आरसीवर आडनाव नाईक गावकर, पासपोर्टवर नुसतं गावकर, ते जुळवण्यातच माझा डिसेंबर गेला.