आईच्या गोळ्या: सात खणांची डबी, अठ्ठावीस खणांचा डबा, की गजर वाजवणारं यंत्र?

आई नौपाड्यात एकटी राहते, मी घोडबंदर रोडला. "सकाळची बीपीची घेतली का गं मी?" असं ती मलाच फोनवर विचारायला लागली, तेव्हा गोळ्यांचा डबा आणायचं ठरलं. वर्षभरात तिन्ही प्रकार घरात येऊन गेले.

सात खणांची साधी डबी सगळ्यात स्वस्त, कुठल्याही केमिस्टकडे मिळते. दिवसातून एकदाच गोळ्या घ्यायच्या असतील तर हीच घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. आईचं तसं नाही. थायरॉइडची उपाशीपोटी, शुगरची जेवणाबरोबर, कोलेस्टेरॉलची रात्री. सगळ्या एका खणात पडल्या की कुठली कधी घ्यायची हे तिनंच ओळखायचं, आणि त्यातल्या तीन पांढऱ्या, गोल. शिवाय झाकणांवर इंग्रजी अक्षरं, त्यात दोन एस आणि दोन टी. मी त्यावर र, सो, मं, बु, गु, शु, श असे कागद चिकटवले. आपल्या वारांची आद्याक्षरं एकमेकांत अडकत नाहीत, हे तेव्हा लक्षात आलं.

आता घरात आहे तो अठ्ठावीस खणांचा डबा: सात पट्ट्या, प्रत्येकीत सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र. त्या दिवसाची पट्टी काढून पर्समध्ये टाकता येते, त्यामुळे आई भिशीला गेली तरी दुपारची गोळी चुकत नाही. घेताना झाकण मात्र ज्यांना वापरायचंय त्यांच्याच हातून उघडून बघा. पहिल्या डब्याचं झाकण इतकं घट्ट होतं की आईच्या संधिवाताच्या बोटांना जमेना. तिनं जोर लावला आणि गुरुवार अख्खा पलंगाखाली गेला. सैल झाकणाचा वेगळा धोका: घरात नातवंडं येत असतील तर डबा वरच्या फळीवर.

एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत. डब्यामुळे रोजची चूक टळते, पण भरताना झालेली चूक सात दिवस चालते. एका रविवारी मी टीव्ही बघत भरला आणि बीपीची गोळी सातही वेळा रात्रीच्या खणात टाकली. तेव्हापासून एका वेळी एकच पाकीट हातात घेते, त्याचे सातही खण भरते, मग पुढचं. आई शेवटी मोजते. संधिवातावरची, आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेट कुणाला असेल तर इथे दुप्पट सावध राहा. ती सवयीनं रोजच्या खणांत पडली तर जिवावर बेतू शकतं.

तिसरं, कुलूपबंद गोल यंत्र. वेळ झाली की वाजतं, फिरतं आणि तेवढाच खण उघडा करतं. किंमत हजारांत. घेतलेली गोळी विसरून पुन्हा घेणाऱ्यांसाठी याला तोड नाही, पण भरायला कुणीतरी हवंच आणि गजर ऐकूही यायला हवा. आईनं दोन दिवस सहन केलं. "मी काय शिट्टीची वाट बघत बसू, कुकर लावल्यासारखी?" यंत्र परत गेलं. तिची स्मरणशक्ती पुढे फारच ढासळली तर पुन्हा आणेन.

कुठलाही डबा घ्या, सगळ्याच गोळ्या पाकिटातून काढायच्या नसतात. बीपीची टेल्मिसार्टन ओल धरते, रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रान आणि फिटची व्हॅल्प्रोएटही. अ‍ॅस्पिरिनला ओल लागली की व्हिनेगरसारखा वास येतो. ठाण्याच्या जुलैत तर मिठाचंही पाणी होतं! अशी गोळी असली तर केमिस्टला विचारून घ्या. मी तिच्याभोवतीचं आवरण शाबूत ठेवून पाकिटाचा तुकडा कापते आणि तोच खणात टाकते, कोपरे गोल करून. घाईत तो आवरणासकट गिळला जाऊ शकतो, म्हणून नजर अधू असेल तर हा उपाय नको. मुदतीची तारीख छापलेला तुकडा सगळ्यात शेवटी कापायचा.

डबा सुरू करण्याआधी डॉक्टरांना खरं सांगा की आजवर किती गोळ्या चुकायच्या. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाच्या 2016 सालच्या एका छोट्या अभ्यासात, आधी गोळ्या विसरणाऱ्या काही वयस्कांना डबा मिळाल्यावर उलट त्रास झाला. कारण सरळ आहे: गुण येत नाही म्हणून डोस वाढवलेला असतो, आणि डब्यामुळे तो अचानक पूर्ण पोटात जातो. बीपी किंवा शुगर खाली येते, माणूस चक्कर येऊन पडतो. आईच्या बाबतीत डॉक्टरांनी पहिले पंधरा दिवस रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलं होतं.

छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी कुठल्याच खणात जात नाही. ती आईच्या पर्समध्ये, मूळ पाकिटात, चष्म्याच्या घराशेजारी.