‘रिपीट लिटर’ या दोन शब्दांचे 18 हजार

नणंदेचा गोट्या पाहिला नसता तर मी या फंदात पडलेच नसते. नेरुळला तिच्याकडे पिवळा लॅब्रॅडोर आहे. तेव्हा जेमतेम आठ महिन्यांचा होता. कुरिअरवाला आला की शेपटीने चपलांचा स्टँड पाडायचा, पण सासूबाई जप करत असल्या की माळ संपेपर्यंत त्यांच्या पायाशी गप्प पडून राहायचा. आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं, कुत्रा हवा तर असाच.

नणंदेने ज्याच्याकडून घेतला त्याचाच नंबर दिला. कळंबोलीकडचा ब्रीडर, बोलायला लाघवी. “ताई, नशीब बघा तुमचं. गोट्याच्याच आईबापांची परत पिल्लं झालीत, मे महिन्यात. रिपीट लिटर! तेच रक्त, तोच स्वभाव. डिट्टो गोट्या.” साध्या पिल्लाचे तो 22 हजार सांगत होता, याचे 40. मी तिथल्या तिथे 15 हजार यूपीआयने पाठवले. गोट्या नोव्हेंबरचा, हे मे महिन्याचं. कुत्रीचे दिवस साधारण 63. म्हणजे पहिली वेत उरकून चार महिने होत नाहीत तोच तिला पुन्हा लावली होती. हे गणित मी तेव्हा मांडलं नाही.

घेताना “आई बघायची आहे” म्हटलं, तर व्हिडिओ आला. घरी बोलावलंच नाही. फ्लायओव्हरखाली गाडी थांबवून बिस्किटांच्या खोक्यातून पिल्लू काढून दिलं. काळंकुट्ट. मी म्हटलं, अहो, आईबाप तर दोघेही पिवळे! “पिवळी सगळी गेली ताई. हा आजोबावर गेलाय.” तोवर मुलाने त्याला टी-शर्टच्या आत घातलं होतं. उरलेले 25 हजार दिले. आषाढीच्या आदल्या दिवशी घरी आला, म्हणून नाव ठेवलं बुक्का.

कुकरची पहिली शिट्टी झाली आणि बुक्का दिवाणाखाली शिरला. तिथेच मुतला. दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

मानपाड्याच्या डॉक्टरांनी आधी दात पाहिले. म्हणाले, हे दोन महिन्यांचं नाही, पाच-साडेपाच आठवड्यांचं आहे. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या 2017च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. मग आईबापांचा रंग विचारला आणि माझं उत्तर ऐकून हसले. लॅब्रॅडोरचा पिवळा रंग आई आणि बाप दोघांकडून उतरला तरच दिसतो. दोघेही पिवळे असतील तर काळ्याचं देणं त्यांच्याकडे नसतंच, पिल्लं पिवळीच होणार. उलट मात्र होतं, दोन काळ्यांच्या पोटी पिवळं येऊ शकतं. म्हणजे बुक्का गोट्याचा भाऊ नव्हेच.

“आणि असता, तर गोट्यासारखा झाला असता?” मी विचारलं. खरं तर 18 हजार मी त्याचेच मोजले होते.

डॉक्टर म्हणाले, कुत्र्यात गुणसूत्रांच्या 39 जोड्या. आई प्रत्येक जोडीतलं एकच देते, कुठलं ते तिच्याही हातात नाही. एकट्या आईकडून जवळजवळ 55 हजार कोटी वेगवेगळे संच निघू शकतात, बापाचे तेवढेच. एकाच वेतीतली दोन भावंडं सारखी निघत नाहीत, मग पुढच्या वेतीत डिट्टो कुठून येणार? चांगले ब्रीडरही जोडी पुन्हा लावतात, पण कशासाठी? पहिल्या पिल्लांच्या तब्येती, कमरेचे सांधे, स्वभाव पाहून अंदाज आलेला असतो म्हणून. तो अंदाज सगळ्या वेतीचा, एकेका पिल्लाचा नव्हे. शिवाय पहिल्या वेतीतलं एखादं फार उजवं निघालं असेल तर त्यात नशिबाचाही वाटा असतो. आणि गोट्या वाढला माणसांच्या घरात. हा बहुतेक पिंजऱ्यात. तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने पिल्लू जे बघतं, ऐकतं, त्याला ते सरावतं.

मी ब्रीडरला फोन लावला. त्याने चक्क डॉक्टरांचंच शास्त्र मला ऐकवलं! “ताई, निसर्ग आहे. दोन पिल्लं सारखी होतात का कधी? मी काय लिहून दिलं होतं?” विकताना तेच रक्त, तक्रार केल्यावर निसर्ग. मग मी मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबर मागितला. केनेल क्लबचे वंशावळीचे पेपर “दीड महिन्यात” देणार होता. त्या दिवसापासून फोन बंद.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडून. ‘रिपीट लिटर, सेम पेअर’ त्याने स्वतः टाइप केलं होतं, ते कामी आलं तर येईल. पैसे अजून आलेले नाहीत. बुक्का परत द्यायचा विषय घरात कुणी काढत नाही. आता तो कुकरच्या शिट्टीला फक्त कान पाडतो.

गेल्या आठवड्यात नणंदेने एक जाहिरात पाठवली. नंबर नवा आहे. निळ्या प्लास्टिकच्या टबात बसलेली व्हिडिओतली तीच पिवळी कुत्री, तोच टवका उडालेला टब. खाली लिहिलंय: ‘सुपरहिट जोडी, तिसऱ्यांदा. बुकिंग चालू.’