हातसुताची खादी: उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा वापरल्यानंतर

गेल्या वर्षी होळीच्या सुमारास वर्ध्याहून हातसुताचं कापड आणलं. दोन कुर्त्यांपुरतं पांढरं, एका कुर्त्यापुरतं निळीत रंगवलेलं, एक चादर आणि थोडे पंचे. मे महिना मावशीकडे वर्ध्यात गेला, पावसाळा आणि पुढचं सगळं डोंबिवलीत. त्यामुळे विदर्भातलं कोरडं ऊन आणि आमच्याकडची चिकट हवा, दोन्हींत हे कापड अंगावर राहिलं. नवं होतं तेव्हाचं कापड आणि आज कपाटात असलेलं कापड यांत इतका फरक आहे की आधी लिहिण्यात अर्थ नव्हता.

आधी नेमकं काय घेतलं ते सांगते, कारण दुकानात "हातमाग" आणि "खादी" हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. हातमागाचं कापड हातानं विणलेलं असतं, पण त्याचं सूत बहुतेक वेळा गिरणीचं असतं. खादीत सूतही हातानं कातलेलं हवं आणि विणाईही हातमागावर हवी. १९५६च्या खादी आणि ग्रामोद्योग आयोगाच्या कायद्यातली व्याख्याही हीच आहे. तरी खादी म्हणून मिळणारं सगळं सूत घरच्या टकळी-पेळूचं असतं असं नाही. आज बरीचशी खादी अंबर चरख्यावर कातली जाते. हा चरखा तमिळनाडूच्या एकंबरनाथन यांनी तयार केला आणि त्यांच्याच नावावरून तो अंबर झाला. एका माणसाला एकाच वेळी अनेक चात्या (सूत कातून गुंडाळणारे फिरते काटे) चालवता येतात, हा त्याचा मोठा गुण. त्याला लागणारा कापूस आयोगाच्या चित्रदुर्ग, रायबरेली, सीहोर अशा ठिकाणच्या केंद्रांत यंत्रावर साफ करून, पिंजून, जाडसर वातीच्या रूपात येतो. पेटीत घडी होणाऱ्या साध्या हातचरख्याचं, म्हणजे पेटी चरख्याचं, सूत याहून जास्त उंचसखल असतं. माझं पांढरं कापड अंबरचं आहे, पंचे पेटी चरख्याच्या जाड सुताचे. दोन्ही मला आवडले, पण ती दोन वेगळी कापडं आहेत हे घेताना माहीत असावं.

नवीन असताना कापड कडक होतं. उभ्या धाग्यांना मागावर चढवण्याआधी खळ लावतात, नाहीतर धोटा आणि फणीच्या घासण्यानं हातसूत पटापट तुटतं. हातसुताला पीळ कमी-जास्त असतो, म्हणून त्याला खळ चांगलीच लागते. खादी भांडारात काम करणाऱ्या ताई म्हणाल्या, "चार पाणी झाल्याशिवाय याला नाव ठेवू नका." मी कापड शिंप्याकडे द्यायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवलं, सकाळी न पिळता वाळवलं, आणि हेच पुन्हा एकदा केलं. पाणी भाताच्या पेजेसारखं पांढुरकं निघालं. लांबी चार-पाच बोटं कमी झाली, पन्हाही थोडा आत आला. कोणी तयार कुर्ता घेणार असेल तर तो आधी धुतलेल्या कापडाचा शिवला आहे का, हा पहिला प्रश्न विचारावा. तसा नसेल तर एक माप मोठं घ्यावं.

आता मुख्य गोष्ट, घामाची. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो. तिथे या कुर्त्यानं जे सुख दिलं ते माझ्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही कपड्यानं दिलं नाही. कापूस ओलावा धरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. नेहमीच्या हवेतसुद्धा सुती धाग्यात वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्काही नसतं. पण माझे गिरणीच्या सुताचे कुर्तेही शंभर टक्के सुतीच आहेत, मग फरक कुठून आला? मला तो पिळात सापडला. गिरणीच्या सुताला घट्ट, एकसारखा पीळ असतो. हातसुतात तो जागोजागी सैल पडतो, तंतू मोकळे राहतात, धाग्याच्या आत हवेला जागा उरते. घाम त्या मोकळ्या जागेत शोषला जातो आणि तिथूनच वाऱ्यावर उडून जातो. कापड पाठीला चिकटून बसत नाही, कारण त्याचा पोत सपाट नसतो आणि ते अंगाला सगळीकडे सारखं टेकत नाही. दुपारी वर्धा स्टेशनवर उन्हात उभी होते, गाडी उशिरा होती, पाठ ओली झाली होती, तरी कुर्ता अंगापासून सुटाच होता. हा अनुभव घेतल्यावर मी बाकीचे तक्रारीचे मुद्दे सोसायला तयार झाले.

तक्रारी आहेत, आणि त्या पावसाळ्यातल्या आहेत. जुलैत जाड खादी वाळत नाही. डोंबिवलीच्या गॅलरीत चादर दोन-दोन दिवस दमट राहायची आणि कुबट वास धरायची. शेवटी श्रावण संपेपर्यंत ती घडी करून वर ठेवली आणि गिरणीची पातळ चादर काढली. कुर्ते पंख्याखाली रात्रीत वाळतात, पण शिवण आणि कॉलर सकाळी ओलसरच. पंचे मात्र पावसातही उत्तम. त्यांची वीण विरळ असते, अंग पुसलं की लगेच ओले होतात आणि तितक्याच लवकर वाळतात. आमच्या घरात आता टर्किशचे टॉवेल फक्त पाहुण्यांसाठी निघतात. नवा पंचा पहिले काही दिवस पाणी नीट टिपत नाही, ते खळीमुळे. तेवढे दिवस जाऊ द्यावेत.

सुरकुत्या पडतात. लोकलच्या गर्दीतून दादरला उतरेपर्यंत इस्त्रीचा मागमूस राहत नाही. कापड अर्धवट ओलं असतानाच इस्त्री केली तर बरीच टिकते. कोरड्या कापडावर कितीही दाबली तरी उपयोग होत नाही. ज्यांना दिवसभर कडक घडी हवी त्यांनी खादी भांडारात पॉलिवस्त्र बघावं, पण त्यात पॉलिएस्टरचं मिश्रण असतं आणि वर सांगितलेलं घामाचं सुख त्यात नाही.

निळीच्या कुर्त्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण लोक घाबरतात. नीळ धाग्याच्या आत पक्की मुरत नाही, बरीचशी वरच बसते. कापड निळीच्या हौदातून बाहेर काढतात तेव्हा हिरवट दिसतं, हवा लागली की निळं होतं. गडद रंगासाठी अशा बुड्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. वरचा सुटा रंग सुरुवातीला घासल्यावर लागतो. माझ्या पांढऱ्या ओढणीला खांद्यापाशी निळी झाक आली होती, ती दोन धुण्यांत गेली. पहिले काही आठवडे हा कुर्ता वेगळा धुतला, नंतर सगळ्यांबरोबर. आज तो खांद्यावर आणि कोपरांवर उजळ झालाय, शिवणींत गडद आहे. मला हा रंग नव्यापेक्षा जास्त आवडतो. ज्यांना एकसारखा रंग हवा त्यांनी पांढरंच घ्यावं. लिंबू-व्हिनेगरनं धुवू नये, ब्लीच तर अजिबात नको, आणि वाळवायचं सावलीत.

टिकाऊपणाबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं गेलं. सुती धागा ओला झाला की कमकुवत न होता उलट मजबूत होतो, त्यामुळे हातानं धुण्यात काही धोका नाही. धोपटण्याची गरज मात्र नाही. मशीनमध्ये मी कुर्ते जाळीच्या पिशवीत, हलक्या फेरीवर धुते. झीज होते ती घासणीच्या जागी. एका पांढऱ्या कुर्त्याची कॉलर आतून विरली, कारण तिथे सैल पिळाचा जाड धागा आला होता. उरलेल्या तुकड्यातलंच सूत उसवून रफू केलं आणि दिसेनासं झालं. शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घ्या, एवढं यातून नक्की सांगेन.

किंमत. त्याच जाडीच्या गिरणीच्या सुती कापडाच्या जवळपास दुप्पट पडली. मी एकदा कागदावर हिशेब मांडला. पन्हा ३६ इंच आणि इंचाला उभे ४०, आडवे ४० धागे धरले तर एक मीटर कापडात सुमारे २.९ किलोमीटर सूत बसतं. खादीतली आजची गुंडी, म्हणजे सुताची लड, १००० मीटरची, म्हणजे मीटरभर कापडाला तीन गुंड्या. त्या कोणीतरी बसून कातल्या आहेत, मग कांड्या भरल्या आहेत, ताणा लावला आहे, खळ दिली आहे, आणि मग विणलं आहे. दर मीटरची किंमत त्या सगळ्या हातांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम बघून मला वाईट वाटलं. गांधीजींनी १९२९ साली चांगल्या चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं होतं, ते कातणाऱ्याच्या पदरात जास्त पडावं म्हणूनच. तो प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून मी घासाघीस करत नाही.

वर्ध्याला जाणार असाल तर कापड घेण्याआधी मगन संग्रहालय बघा. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते ते सुरू झालं. तिथले चरखे पाहिल्यावर दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं. आणि कुठेही घेताना खादी मार्क, म्हणजे अस्सल खादीची अधिकृत खूण, बघा, कडेचा एक धागा ओढून बोटांत उलटा फिरवा. हातसूत असेल तर जाड-बारीक लागेल, पीळ कुठे चटकन सुटेल, कुठे वेळ घेईल.

कुर्ता आणि पंचा कोणालाही निःशंक सुचवेन. चादर कोरड्या हवेच्या गावी. ट्राउझरचं कापड नको, गुडघ्यावर पोक येतो आणि तो जात नाही. येत्या ऑक्टोबरमध्ये सूट लागली की सासूबाईंसाठी पेटी चरख्याचे आणखी पंचे आणि माझ्यासाठी हिरड्याच्या करड्या रंगातलं कापड घेणार आहे. तो रंग लोखंडाच्या पाण्यावर चढवतात, आणि लोखंडानं सूत काळाच्या ओघात कमजोर होऊ शकतं, म्हणून ते किती टिकतं ते वापरूनच लिहीन.